टायगर बार्ब, ओरांडा आणि एंजल एकाच टाकीत: जुळे सोलापुरातल्या एका फिशटँकचं प्रकरण

जुळे सोलापुरातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. हॉलमध्ये ३६ × १५ × १८ इंचांचा फिशटँक. काचेच्या मापाने हा टँक १५९ लिटरचा भरतो. पण वरचे दोन इंच मोकळे, तळात दोन इंच खडी, शिवाय एक मोठा दगड आणि सिरॅमिकचा किल्ला. प्रत्यक्ष पाणी जेमतेम १२५ लिटर. मासे किती आणि कोणते हे ठरवताना धरायचा आकडा १२५ हाच. दुकानात मात्र १५९ सांगितला जातो, कधीकधी तर तोही फुगवून.

फेब्रुवारीत एकाच फेरीत आलेले मासे असे: ओरांडा २, एंजल २, टायगर बार्ब ४, गप्पी ६ (सगळे नर, लांब शेपटीचे), निऑन टेट्रा १०, सकर १ आणि 'शार्क' २. "काका, हे सगळे एकत्र राहतील ना?" या प्रश्नावर "राहतात की, काही होत नाही" असं उत्तर मिळालं होतं. फेब्रुवारीपुरतं ते खोटंही नव्हतं. सगळी पिल्लं, नवखी, भेदरलेली. भेदरलेला मासा भांडत नाही. दुकानातल्या टाकीतली शांतताही याच जातीची असते: तिथे एवढी गर्दी असते की कोणाला हद्दच आखता येत नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात २७ पैकी १४ उरले होते. निऑन एकच, गप्पी दोन, बाकीचे मासे जिवंत पण अवस्था वाईट. गप्पींच्या शेपट्या कातरल्यासारख्या. एंजलच्या पोटाखालचे दोन लांब धागे निम्म्याहून आखूड, आणि दोघंही दिवसभर फिल्टरच्या कोपऱ्यात तिरके उभे. एका ओरांडाच्या उजव्या कुशीवर चिंचोक्याएवढा फिकट चट्टा, खवले उडालेले. पहाटे दोन्ही ओरांडा पृष्ठभागाशी तोंड लावून हवा ओढत. घरच्यांनी दीड महिन्यात मिथिलीन ब्लू, जाडं मीठ आणि 'सगळ्या रोगांवरचं' एक निळं-हिरवं औषध असं सगळं आलटून पालटून वापरलं होतं. दर महिन्याला टाकी पूर्ण रिकामी करून, खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून धुतला जात होता.

यात रोग जवळजवळ नव्हताच. जे दिसत होतं ते चुकीच्या संगतीचं आणि चुकीच्या पाण्याचं होतं. त्यातही पाणी पहिलं. भांडण डोळ्यांना दिसतं म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात, आणि म्हणूनच एक भांडखोर मासा काढून दुसरा आणला तरी टाकी सुधारत नाही.

पाणी

सोलापुरात बहुतेक इमारतींच्या वरच्या टाकीत दोन पाणी एकत्र होतात: काही दिवसांच्या अंतराने येणारं महापालिकेचं पाणी, आणि मधल्या दिवसांत बोअर. या घरात तिन्ही पाणी वेगवेगळी तपासली. नळाचं थेट पाणी: टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) ३४०, जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा जडपणा) १०. बोअर: टीडीएस ९८०, जीएच २८. वरच्या टाकीतलं मिश्रण त्या दिवशी जीएच १८, पीएच (७ च्या खाली आंबट, वर अल्कधर्मी) ८.२. 'त्या दिवशी' हे महत्त्वाचं, कारण नळ कधी आला यावर हा आकडा दर आठवड्याला वरखाली होतो. मासा एका ठरावीक जड पाण्याला सरावतो. दर आठवड्याला बदलणाऱ्या पाण्याला सरावणं त्याला जड जातं. फक्त टीडीएस मीटरवर विसंबू नये. त्यावरून एकूण विरघळलेलं किती ते कळतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचा वाटा किती ते नाही. त्यासाठी थेंबांचं जीएच किट लागतं.

निऑन टेट्रा मूळचा अॅमेझॉन खोऱ्यातल्या मऊ, किंचित आंबट पाण्यातला. आता विक्रीचे निऑन शेतीत वाढवलेले असले, तरी १८ जीएच आणि ८.२ पीएच त्यांना झेपत नाही, त्यातही पिशवीतून थेट सोडले तर अजिबात नाही. पाच निऑन पहिल्याच आठवड्यात गेले ते यामुळे. उरलेल्यांपैकी चार 'गायब' झाले, मेलेला एकही सापडला नाही. त्यांचा हिशेब पुढे येतो.

पीएच खाली आणण्यासाठी दुकानात मिळणारं द्रव या घरातही ओतून झालं होतं. बोअरच्या पाण्यात कार्बोनेट एवढं असतं की आज ७.४ वर आलेला पीएच परवा पुन्हा ८.२ ला असतो. हा झोका माशाला स्थिर ८.२ पेक्षा जास्त त्रास देतो. बदामाची पानं टाकल्याने पाण्याला रंग येतो, पण एवढ्या जड पाण्यात पीएच हलत नाही. पाणी बदलता येत नसेल तर मासे त्या पाण्याचे निवडायचे. सोलापूरसाठी हा पर्याय सोपाही आहे आणि स्वस्तही.

खडीत पांढरे संगमरवरी खडे होते. त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला की फेस येतो, म्हणजे चुना. पाणी आधीच जड असल्याने त्यांनी फारसा फरक पडत नव्हता. पाणी मऊ करायला घेतलं असतं तेव्हा मात्र ते खडे हळूहळू विरघळून सगळी मेहनत वाया घालवत राहिले असते. ते काढले.

ऊन

दुपारी चार वाजता टाकीचं तापमान ३२.५ अंश, पहाटे ३०. ओरांडा हा गोल्डफिश. त्याला १८ ते २३ अंशांत खरा आराम. एंजलला २४ ते ३० चालतं, टायगर बार्बला २२ ते २७. म्हणजे ओरांडा आणि एंजल यांची पसंती कुठेच जुळत नाही, मग स्वभाव कितीही गरीब असो. २० अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरला ९.१ मिलिग्रॅमपर्यंत विरघळतो, ३२ अंशांना ७.३ पर्यंतच. आणि ऊन वाढलं की माशाची गरज वाढते. ओरांडा पहाटे वर येत होते ते याच गणितामुळे.

अमोनिया (माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून होणारं विष) किटवर ०.५ पीपीएम, म्हणजे लिटरला अर्धा मिलिग्रॅम, आला. घरच्यांना तो किरकोळ वाटला. पीएच ७ आणि २५ अंशांना तो खरंच किरकोळ ठरला असता, कारण त्यातला विषारी, मोकळा भाग अर्धा टक्का असतो. पीएच ८.२ आणि ३२ अंशांना हाच भाग बारा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे ०.०६ पीपीएम मोकळा अमोनिया, तर ०.०२ च्या पुढे कल्ले जळायला लागतात. हा अमोनिया येत होता तो दोन खादाड ओरांडांमुळे आणि दर महिन्याच्या धुण्यामुळे. स्पंजवर वसलेले जिवाणूच अमोनिया पचवतात. ते बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि इथे चौथ्या आठवड्याला क्लोरिनच्या पाण्याखाली त्यांचा सफाया होत होता. वरून मिथिलीन ब्लू, तेही हे जिवाणू मारणारं.

कोण काय करतो

घरच्यांना दोन दिवस एकच काम दिलं: सकाळी आणि संध्याकाळी वीस-वीस मिनिटं समोर बसून कोण कोणाच्या मागे लागतो ते वहीत लिहायचं, आणि रात्री दिवा बंद करून तासाभराने टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावून पाहायचं. लाल उजेडात मासे कमी बिचकतात.

दिवसाच्या नोंदींत जवळपास प्रत्येक पाठलागाची सुरुवात टायगर बार्बकडून होती. मजा म्हणजे चौघं एकमेकांच्या मागे फार कमी लागत. टायगर बार्ब आठ-दहाच्या थव्यात असले की कुरघोडी थव्यातल्या थव्यात जिरते. चारच असले की ती बाहेर पडते, आणि टाकीत जे काही सावकाश हलतं, लोंबतं, त्यावर जाते. गप्पीची शेपटी, एंजलचे धागे. अंगावर एकही जखम नाही आणि फक्त कडा खाल्लेल्या, असं दिसलं की ते शेपटी कुजण्याच्या रोगाचं लक्षण नसून कुरतडणाऱ्या माशाचं काम असतं. रोगात कडेला पांढरी किंवा लालसर रेघ येते आणि ती आत सरकत जाते. इथे कडा स्वच्छ होत्या.

रात्री वेगळंच. साडेदहाच्या सुमाराला सकर किल्ल्यामागून निघाला, काचेवर दोन मिनिटं फिरला, मग तळाशी झोपलेल्या ओरांडाच्या उजव्या कुशीला चिकटला. ओरांडा झटकून थोडा पुढे गेला, सकर पुन्हा त्याच जागी. चट्ट्याचं कारण तिथे मिळालं. सकर पिल्लूपणी शेवाळ खातो, पण वाढत जाताना त्याला शेवाळ पुरत नाही आणि सावकाश, रुंद अंगाच्या माशांवरचा बुळबुळीत थर त्याला आवडतो. ओरांडा, डिस्कस, एंजल, सगळेच त्याला सोयीचे. 'काच साफ करणारा' म्हणून पाच सेंटिमीटरचा विकला जाणारा हा मासा फूटभराच्या पुढे जातो. आताच तो बारा सेंटिमीटर झाला होता.

'शार्क' या नावाचा मासा शार्क नव्हे, पंगस. मासळी बाजारात खायला मिळतो तोच. मोकळ्या पाण्यात त्याची लांबी मीटरच्या पुढे जाते, आणि छोट्या टाकीत घाबरून धावताना तो काचेवर नाक आपटून घेतो. दोघांचीही नाकं सोललेली होतीच. तोंडात मावेल ते तो गिळतो. एंजलही तेच करतो: त्याचं अंग आता सहा सेंटिमीटर झालेलं, आणि दुकानातला निऑन दीड-दोन सेंटिमीटरचा. चार निऑन दोघांपैकी कोणी खाल्ले हे ठरवायची गरज नाही. दोघांच्याही तोंडात ते मावत होते.

कोणाला ठेवायचं

इथे घरात मतभेद होते. मुलाला एंजल हवे होते, आजींना लाल ओरांडा. दोन्ही एका टाकीत शक्य नाही हे तापमानाच्या आकड्यांनी ठरवलं. फक्त ओरांडा ठेवायचे तर १२५ लिटरात दोघंच, बाकी कोणी नाही, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये मे महिन्यात तेही हाल. ओरांडा अक्कलकोट रोडवरच्या नातेवाइकांच्या तळमजल्यावरच्या सिमेंटच्या हौदात गेले. हौद ३०० लिटरचा, सावलीतला, दुपारीही २७ च्या आत.

टायगर बार्बना दहाचा थवा करून ठेवता आलं असतं, पण मग एंजल नाहीत. बार्ब आणि दोन्ही पंगस दुकानात परत. सकरही परत, आणि हे आग्रहाने: सिद्धेश्वर तलाव, संभाजी तलाव किंवा उजनीत 'मोकळा' सोडायचा विचार कोणाच्या मनातही येऊ नये. उजनीत सकर आधीच पसरलेला आहे आणि त्याच्या काटेरी, चिलखती अंगाने मच्छीमारांची जाळी फाटतात. दुकानदार पैसे परत देत नाहीत, पण बदल्यात खाद्य किंवा झाडं देतात. तेवढ्यात समाधान मानावं.

उरलेले दोन गप्पी आणि एकटा निऑन? गप्पी गॅलरीतल्या टबात गेले, तिथे डासांच्या अळ्या खातात. निऑन एकटा राहणारा मासा नाही, त्यामुळे तो मऊ पाण्याची टाकी असलेल्या एका घरी दिला.

आता दोन एंजल आणि रिकामी जागा. चाळणी लावली ती या क्रमाने: उन्हाळ्यात २९-३० अंश सोसतो का, जीएच १० ते १५ चालतो का, पूर्ण वाढल्यावर दहा-बारा सेंटिमीटरच्या आत राहतो का, एंजलच्या तोंडात मावणार नाही एवढा आहे का, लोंबते पर कुरतडतो का. स्वभाव मुद्दाम शेवटी ठेवला, कारण पहिल्या तीन प्रश्नांतच बहुतेक नावं गळतात. या चाळणीतून मॉली आणि स्वोर्डटेल सहज उतरले. दोघांना जड पाणी मनापासून आवडतं. प्लॅटी घेतले नाहीत: ते स्वोर्डटेलशी संकर करतात आणि उन्हालाही थोडे कमी पडतात.

ठरलेली संख्या: मॉली ५, स्वोर्डटेल ४. दोन्हींत नर एकच. नराचा पोटाखालचा मागचा पर काडीसारखा टोकदार असतो, मादीचा पंख्यासारखा. दोन नर असले की माद्यांचा पिच्छा पुरवून त्यांना मेटाकुटीला आणतात. माद्या दुकानातूनच गाभण येतात आणि नर नसतानाही काही महिने पिल्लं देत राहतात, त्यामुळे 'नरच नको' हाही उपाय नव्हे. पिल्लांचा पूर एंजल आवरतात. ज्यांना हे क्रूर वाटतं त्यांनी एंजल आणि मॉली एकत्र ठेवू नयेत. पण मग तीन-चार महिन्यांत पन्नास मॉली कोणाला द्यायच्या याचाही विचार करून ठेवावा.

तळासाठी सहा ब्रॉन्झ कोरिडोरास ठरले, पण एप्रिलमध्ये नाही. त्यांना २२ ते २६ अंश बरे वाटतात. ऐन उन्हाळ्यात प्रवास, नवं पाणी आणि २९ अंश हे तिन्ही एकदम लादणं म्हणजे मासे मारायला आणणं. जुलैपर्यंत तळ रिकामा राहिला. रिकाम्या तळाने कोणाचं काही बिघडत नाही; 'खालचं खाणारा कोणीतरी हवा' या समजुतीपायीच सकर घरोघरी जातात.

कामाचा क्रम

पहिले तीन आठवडे नवा मासा एकही नाही. नळ आला की शंभर लिटरचा ड्रम थेट नळातून भरायचा, वरच्या टाकीतून नाही. त्यात एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावून २४ तास ठेवायचं, मग आठवड्याला २५ लिटर बदलायचं. नळाला क्लोरिनचा वास उग्र असेल त्या दिवशी अँटीक्लोरिनही, बाटलीवरच्या मापाने. स्पंज धुवायचा तो बादलीत काढलेल्या टाकीच्याच पाण्यात, दोनदा पिळून, बस. काढलेलं पाणी तुळशीला, कढीपत्त्याला चालतं. मीठ किंवा औषध टाकलेलं असेल तर नाही.

झाकणाचा एक भाग काढून तिथे जाळी बसवली आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावला. जाळी हवीच, स्वोर्डटेल उड्या मारतात. सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे बाष्पीभवनाने पाणी चांगलं थंड होतं: ३२.५ वरून २९ वर आलं. हॉलमध्ये कूलर लावून खिडक्या बंद केल्या की हवा दमट होते आणि पंख्याचा निम्मा फायदा जातो, म्हणून एक खिडकी उघडी. रोज दोन-अडीच लिटर पाणी उडून जातं. ती भर नळाच्या पाण्याने घातली तर क्षार मागे राहून साठत जातात आणि महिन्याभरात जीएच पुन्हा चढतो. भर घालायची ती आरओच्या पाण्याने. आरओचं वाया जाणारं पाणी टाकीत कधीच नाही, क्षार सगळे त्यातच असतात. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप तयार. रात्री वीज गेल्यावर ३० अंशांच्या भरलेल्या टाकीला चार तासही फार होतात.

मे संपताना अमोनिया ०, नायट्राइट (जिवाणू अमोनियाचं आधी हे करतात, तेही विषारी) ०, नायट्रेट (शेवटी उरतं ते, बरंच सौम्य) २५, जीएच १२. मॉली-स्वोर्डटेल आधी चाळीस लिटरच्या प्लास्टिक टबात तीन आठवडे वेगळे, एका स्पंज फिल्टरवर. दुसऱ्या आठवड्यात एका मॉलीच्या अंगावर रव्यासारखे पांढरे कण उमटले. टबात होते म्हणून तेवढ्यावरच निभावलं. टबातलं पाणी ३० अंशांवर ठेवून, लिटरला दोन ग्रॅम मीठ घालून दहा दिवसांत ते गेले. हेच कोरिडोराससोबत करता येत नाही, त्यांना मीठ सोसत नाही.

मोठ्या टाकीत सोडताना एंजलना आधी बादलीत काढलं, दगड आणि किल्ल्याची जागा बदलली, मागच्या बाजूला व्हॅलिसनेरिया या गवतासारख्या पाणवनस्पतीची दाट रांग लावली. मग नवे मासे सोडले, दिवा बंद केला, आणि दोन तासांनी एंजल परत. एंजलची आखलेली हद्द अशी मोडावी लागते, नाहीतर प्रत्येक नवा मासा त्यांच्या लेखी घुसखोर. टबापासून टाकीपर्यंतच्या सवयीसाठी दर पाच मिनिटांनी शंभर मिली पाणी मिसळत पाऊण तास घेतला.

खाणं दिवसाला दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. मॉलीला हिरवी भाजी लागते: उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवलेली दोडक्याची चकती काट्याला टोचून, दोन तासांनी उरलेली काढून टाकायची. जुलैत कोरिडोरास आल्यावर दिवा बंद करून तळाशी जाणारी गोळी, तीही एकच. त्याआधी अणकुचीदार रंगीत खडी काढून धुतलेली बारीक नदीची वाळू घातली होती, कारण तीक्ष्ण खडीत कोरिडोरासच्या मिशा झिजतात आणि मग जखम चिघळते.

पुढे

एंजलचे धागे पाच आठवड्यांत वाढून आले. ऑगस्टमध्ये वेगळीच अडचण उभी राहिली: दोघं नर-मादी निघाले. फिल्टरच्या पाइपावर अंडी घातली आणि डावीकडचा दोन तृतीयांश भाग बळकावला. मॉली, स्वोर्डटेल, कोरिडोरास सगळे उजव्या कोपऱ्यात दाटीने. अंडी काढून टाकली तर बारा-पंधरा दिवसांत पुन्हा. पिल्लू एंजलमध्ये नर-मादी ओळखू येत नाही, त्यामुळे दोन एंजल घेताना हा जुगार असतोच.

पर्याय दोन होते. जोडीसाठी २४ × १५ × १८ इंचांची वेगळी टाकी, किंवा एकच एंजल. मधे काच घालून टाकीचे दोन भाग करणं सुचवलं जातं, पण १२५ लिटरचे दोन तुकडे केले की दोन्हीकडे गर्दी. फ्लॅटमध्ये दुसऱ्या टाकीला जागा नव्हती. नर दुकानात परत गेला, मादी राहिली. एकटा वाढलेला एंजल मिश्र टाकीत नीट राहतो. तिसऱ्या दिवसापासून कोरिडोरास पुन्हा पूर्ण तळावर फिरू लागले. डिसेंबरसाठी १५० वॅटचा हीटर २५ अंशांवर लावून ठेवला आहे, कारण त्या महिन्यात रात्री हॉल २० पर्यंत उतरतो. परत गेलेल्या एंजलच्या जागी नवा मासा घेतलेला नाही.